बटणांचा फोन की काचेचा: दोन्ही वापरणारीचं मत

तुम्ही फोनवर जे लिहिता ते शब्दकोशात सापडणारं असेल, तर सरळ टचस्क्रीन घ्या. पुढचं वाचलं नाहीत तरी काही बिघडणार नाही. घरी निरोप, ग्रुपवर शुभेच्छा, ऑफिसला चार ओळींची मेल, या सगळ्याला काचेवरचा कीबोर्ड पुरून उरतो. बटणांचा फोन, म्हणजे पडद्याखाली पूर्ण कीबोर्ड असलेला, लागतो तो ज्यांचं लिखाण कुठल्याच एका भाषेचं धड नसतं अशा लोकांना.

मी त्यांच्यातली. औद्योगिक रेफ्रिजरेशनच्या मशीन दुरुस्त करते, म्हणजे कोल्ड रूम, त्यांचे कंप्रेसर, आतले पंखे, साचलेला बर्फ वितळवणारे डिफ्रॉस्टचे हीटर. काम संपलं की जागेवरच फोनवरून सर्व्हिस रिपोर्ट पाठवायचा असतो. माझ्याकडे दोन फोन आहेत. एक ब्लॅकबेरीचा की-टू, २०१८ चा, खाली खरीखुरी बटणं असलेला. दुसरा नेहमीचा साडेसहा इंची टचस्क्रीन, ज्याच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही, कारण तसाच तुमच्याही हातात असणार. दोन्हींवर रोज लिहिते, त्यामुळे हे मत आठवणींवर काढलेलं नाही. जुन्या ब्लॅकबेरीच्या नावाने उसासे टाकणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या बहुतेकांनी पुन्हा बटणं हातात घेतली तर दुसऱ्या दिवशी कंटाळतील, असं मला वाटतं.

माझ्या रिपोर्टमधली एक ओळ अशी असते: ‘इव्हॅप फॅन २ ओएल रिसेट, डीएफ हीटर ओपन, सक्शन १.८ बार, गॅस आर-४०४ए.’ हे सगळं रोमन अक्षरांत, कारण पुढे ते कंपनीच्या सिस्टिममध्ये तसंच जातं. आता हे टचस्क्रीनवर टाइप करा. ‘ओएल’ म्हणजे ओव्हरलोड रिले, मोटारीने जास्त करंट ओढला की तो तिची वीज तोडतो. कीबोर्ड त्याचं ‘ओके’ करतो. एल आणि के शेजारी शेजारी, आणि ‘ओके’ हा जगातला सर्वांत जास्त टाइप होणाऱ्या शब्दांपैकी एक, तेव्हा त्याच्या दृष्टीने मी चुकले आणि त्याने सुधारलं. पण ‘फॅन २ ओके’ असं वाचणारा माणूस त्या मोटारीकडे ढुंकूनही बघणार नाही. ‘डीएफ’ चं, म्हणजे डिफ्रॉस्टचं, ‘ऑफ’ होतं. हे ‘ऑफ’ म्हणजे बंद नव्हे, षष्ठीचं. ते एक वेळ हसण्यावारी नेता येतं.

ऑटोकरेक्ट बंद करता येतं की, असं कुणीतरी लगेच म्हणेल. येतं, आणि मी ते केलेलंही आहे. मग दुसरीच गंमत कळते. काचेवरचा कीबोर्ड तुमचं बोट कुठे टेकलं एवढंच बघत नाही. पुढचं अक्षर कुठलं असण्याची शक्यता जास्त, तेही तो बघत असतो. दिसायला सगळ्या कळा सारख्या, पण स्पर्श मोजण्याचा भाग आतल्या आत लहानमोठा होत राहतो. इंग्रजीत टी आणि एच आले की ई चा भाग नकळत पसरतो, आणि बोट थोडं बाजूला पडलं तरी ई च उमटतो. म्हणजे आपण काचेवर नेमकं टाइप करतो असं आपल्याला वाटतं, त्यातलं बरंचसं श्रेय या पडद्यामागच्या अंदाजाचं असतं. पार्ट नंबर, सिरीयल नंबर, पासवर्ड, लघुरूपं, इथे अंदाज करायला काही नसतंच. तिथे आपलं बोट आणि सहा-सात मिलिमीटरची चौकट, एवढाच सामना उरतो. त्यात बोट हरतं.

बटणं अंदाज करत नाहीत. एल दाबला की एल. की-टूमध्येही शब्द सुचवणारं सॉफ्टवेअर आहे, पण ते बंद करून टाकलं तरी टायपिंग ढासळत नाही. बोटाला जो आधार हवा तो बटणातच आहे.

हा आधार नेमका कसला, हे सांगायला हवं, कारण ‘बटण दाबल्याचं समाधान’ वगैरे मोघम बोलण्याने काही कळत नाही. काचेवर बोट टेकणं आणि कळ दाबणं ही एकच क्रिया आहे. टेकलं की उमटलं. त्यामुळे अंगठे सतत हवेत धरावे लागतात आणि डोळे त्यांच्यावर ठेवावे लागतात. बटणांवर या दोन वेगळ्या क्रिया आहेत: आधी अंगठा टेकतो, चाचपतो, आपण कुठे आहोत ते त्याला कळतं, आणि मग दाब पडतो. मधल्या त्या क्षणात चूक दुरुस्त होऊन जाते, पडद्यावर काही उमटण्याच्या आधीच. की-टूच्या बटणांच्या ओळींमध्ये धातूच्या बारीक पट्ट्या आहेत, ब्लॅकबेरीच्याच जुन्या बोल्ड फोनसारख्या. अंगठा वरच्या ओळीतून खालच्या ओळीत उतरला की ती पट्टी लागते. प्रत्येक बटणाला हलका उतारही आहे. मी पॅनेलवरचा मीटर बघत आकडे टाइप करते, मान खाली न घालता. काचेवर हे जमवून दाखवणारा अजून मला भेटलेला नाही.

आता कोल्ड रूमबद्दल. आत उणे २० अंश. जाड हातमोजे घातले तर दोन्ही फोन सारखेच निरुपयोगी, त्यात वाद नाही. पण आत शिरल्यावर बारीक कामासाठी वरचे मोजे काढून नुसते आतले पातळ नायलॉनचे ठेवतो, तेव्हा फरक पडतो. टचस्क्रीनच्या काचेखाली विद्युतक्षेत्राची जाळी असते आणि बोटाच्या वहनक्षमतेमुळे त्या क्षेत्रात जो बदल होतो तो फोन मोजतो. मध्ये कोरडं नायलॉन आलं की काच बहिरी होते. काही फोनमध्ये मोज्यांसाठी संवेदनशीलता वाढवायची सोय असते, बोटांच्या टोकाला वाहक धागा विणलेले मोजेही मिळतात. धागा नवा आहे तोवर चालतात, झिजला की संपलं. बटणांना याच्याशी देणंघेणं नाही. दाब हवा, तो मोज्यातूनही पडतो.

त्या थंडीत पडद्याचंही गाडं अडतं. की-टूचा पडदा एलसीडी आहे आणि गारठ्यात द्रवस्फटिक सुस्तावतात, म्हणून अक्षर दाबल्यावर ते उमटायला वेळ लागतो, जुनं अक्षर पुसट मागे रेंगाळतं. पण बटण दाबलं गेलंय हे अंगठ्याला आधीच कळलेलं असतं, त्यामुळे मी थांबत नाही. पूर्ण ओळ लिहून होते आणि पडदा मागून येतो. बॅटरी मात्र दोन्ही फोनची सारखीच घसरते. अ‍ॅपल तर आयफोन ० ते ३५ अंशांतच वापरायला सांगतं, तेव्हा उणे २० मध्ये फोन चालला हेच उपकार.

बाहेर आल्यावर खरी परीक्षा असते. गार काच दमट हवेत आली की तिच्यावर दव धरतं. पाण्याचे थेंबही त्या जाळीला बोटासारखेच वाटतात, मग पडदा आपोआप सरकायला लागतो, नको ती अ‍ॅप उघडतात, एकदा तर कॉलच लागला. पुसलं तरी परत धरतं. अशा वेळी मी रिपोर्ट बटणांवर लिहून टाकते आणि पाठवायचं तेवढं पडदा सुकल्यावर. की-टूला पाण्यापासून संरक्षणाचं कुठलंही प्रमाणपत्र नाही हेही सांगून टाकते. त्यामुळे या बाबतीत तो दणकट वगैरे आहे असा समज करून घेऊ नका. टिकला, एवढंच.

वेगाचं काय? बटणांच्या फोनची बाजू घेणारे सगळ्यात आधी वेग पुढे करतात, आणि मला तो मुद्दाच लंगडा वाटतो. २०१९ मध्ये फिनलंडचं आल्टो विद्यापीठ, केंब्रिज आणि झुरिकचं ईटीएच यांच्या संशोधकांनी ३७,००० लोकांचं फोनवरचं टायपिंग तपासलं होतं. दोन अंगठ्यांनी टाइप करणाऱ्यांचा सरासरी वेग मिनिटाला ३८ शब्दांच्या आसपास निघाला. ऑटोकरेक्ट वापरणारे जास्त वेगवान होते. उलट वर सुचवलेले शब्द निवडत बसणारे मागे पडत होते, कारण निवडायला थांबावं लागतं. मात्र त्या लोकांना समोर दिलेली साधी वाक्यं उतरवायची होती. तसल्या वाक्यांत माझाही टचस्क्रीन बटणांच्या पुढे जातो, स्वाइप करून तर नक्कीच. रोजच्या इंग्रजीसाठी वेग हवा म्हणून बटणं घेणाऱ्याचा अपेक्षाभंग ठरलेला.

आणि अंगठे दुखतात. याबद्दल कुणी बोलत नाही. प्रत्येक बटणाला थोडा का होईना जोर लागतो, लांबलचक मेल लिहिली की अंगठ्याच्या मुळाशी ठणका बसतो. ब्लॅकबेरीच्या भरभराटीच्या काळात या दुखण्याला ‘ब्लॅकबेरी थंब’ असं नावच पडलं होतं. हातात आधीच सांधेदुखी असेल तर काचच बरी.

बटणं गेली का, याची कारणमीमांसा बरेच जण भावनेने करतात. मला ती सरळ हिशेबाची गोष्ट वाटते. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयफोन दाखवताना आक्षेप घेतला तो असा की प्लास्टिकची बटणं गरज असो-नसो तिथेच बसून राहतात. मुद्दा बिनतोड होता. व्हिडिओ बघताना, नकाशा बघताना, फोटो काढताना फोनचा खालचा तिसरा भाग कामाचा नाही. शिवाय बटणांवर अक्षरं छापावी लागतात. म्हणजे फ्रेंचांसाठी एक रचना, जर्मनांसाठी दुसरी, अरबीसाठी तिसरी, आणि प्रत्येकाचा साठा वेगळा. काचेवर नवी भाषा म्हणजे एक अपडेट. तरीही बदल एका रात्रीत झाला नाही. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला, टी-मोबाइल जी-वनला, पडद्यावरचा कीबोर्डच नव्हता. एक शब्द लिहायचा तरी फोन सरकवून उघडा. ती सोय पुढच्या वर्षी अँड्रॉइड १.५ मध्ये आली. त्याच २००८ मध्ये ब्लॅकबेरीने स्टॉर्म काढला, ज्याची अख्खी काचच बटणासारखी दाबली जायची. दोन्हींचा मेळ घालायला गेले आणि दोन्ही हातचं घालवलं. पूर्ण काच एकदम खाली जाते म्हटल्यावर दोन अंगठे आळीपाळीने चालवणार कसे?

मराठीकडे येते, कारण हे वाचणाऱ्या बहुतेकांसाठी निर्णय इथेच होईल. बटणांवर २६ रोमन अक्षरं. आपली व्यंजनं, स्वर, काना-मात्रा, जोडाक्षरं त्यात बसवायची कशी? संगणकावरचा इनस्क्रिप्ट आराखडा बघा, स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे. तो शिफ्टसकट वापरूनही विरामचिन्हांच्या कळांपर्यंत पसरतो. फोनवर तेवढ्या कळाच नसतात. राहता राहिलं रोमनमध्ये टाइप करून देवनागरी उमटवणं. माझ्या की-टूवर ही सोय पडद्यावरच्या कीबोर्डशी बांधलेली आहे. म्हणजे खाली बटणं असताना वर काचेचा कीबोर्ड उघडायचा, आणि साडेचार इंची पडद्यातला निम्मा त्यालाच द्यायचा. याइतका वेडगळ प्रकार नाही. शेवटी बटणांवर मी रोमन मराठी लिहिते, आणि माझी बहीण त्यावर दर वेळी देवनागरीत उत्तर देते, टोमणा म्हणूनच.

टचस्क्रीनवर उलट चैन आहे. देवनागरी कळा, रोमनमधून देवनागरी, बोटाने गिरवून, जे हवं ते. शिवाय २०१७ पासून गूगलचं व्हॉइस टायपिंग मराठीत आहे आणि शांत खोलीत ते इतकं चांगलं चालतं की लांब मजकूर मी बोलूनच टाकते. कंप्रेसरच्या शेजारी अर्थातच त्याचा उपयोग शून्य. रोमन मराठीवर ऑटोकरेक्ट जे अत्याचार करतो ते सगळ्यांनी सोसलेत, ‘आहे’ चं इंग्रजी ‘शी’ होतं तेव्हा वाक्याचं जे होतं ते होतं. पण भाषा नीट निवडली की तो त्रास जातो. तेव्हा मराठीत मनापासून लिहिणाऱ्याने बटणांच्या वाटेला जाऊ नये. हे माझं ठाम मत आहे, आणि हे मी बटणांची चाहती असून सांगतेय.

की-टूच्या इतर गोष्टी पटकन. स्पेसबारमध्येच बोटाचा ठसा ओळखायची सोय आहे, अजूनही मला कुठल्याही फोनमधली सर्वांत सोयीची वाटते ती. बटणांवरून अंगठा फिरवला की पान सरकतं, त्यामुळे वाचताना बोट मजकुरावर येत नाही. प्रत्येक अक्षराला शॉर्टकट देता येतो, हलकं दाबण्याला एक आणि दाबून धरण्याला दुसरा, असे ५२. त्यातले मी लक्षात ठेवू शकते तेवढेच लावलेत: सी ला कॅमेरा, आर ला रिपोर्टचं अ‍ॅप, टी ला टॉर्च. उजवीकडे खाली असलेली स्पीड की धरून ते अक्षर दाबलं की कुठल्याही अ‍ॅपमधून थेट तिथे. अंधाऱ्या प्लांट रूममध्ये टॉर्चचा हा रस्ता सोन्यासारखा. वजन १६८ ग्रॅम, आजच्या फोनपेक्षा हलका. लिहिताना मजकुरावर काही येत नाही, पूर्ण पडदा वाचायला मोकळा.

आणि आता त्याची खरी अडचण. की-टू अँड्रॉइड ८.१ घेऊन आला आणि तिथेच राहिला. तो बनवणाऱ्या टीसीएल कंपनीचा ब्लॅकबेरीच्या नावाचा परवाना ३१ ऑगस्ट २०२० ला संपला. त्यानंतर ऑनवर्डमोबिलिटी नावाच्या कंपनीने नवा ५जी ब्लॅकबेरी काढू म्हणून जाहीर केलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तीच बंद झाली. ब्लॅकबेरी ओएस आणि बीबी १० या ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या प्रणालींवरच्या जुन्या फोनच्या सेवा तर त्याच वर्षी ४ जानेवारीला थांबल्या, त्यामुळे बोल्ड किंवा पासपोर्ट नावाचा जुना ब्लॅकबेरी हातात घेऊन ‘हा किती देखणा’ म्हणणाऱ्यांनी तो शोकेसमध्येच ठेवावा. की-टू अजून फोन म्हणून चालतो, पण माझ्या बँकेचं अ‍ॅप त्यावर आता उघडत नाही, आणि सुरक्षेच्या अपडेटशिवायच्या फोनवर ते उघडावं असं मलाही वाटत नाही. म्हणून पैसे, कागदपत्रं, ओटीपी सगळं टचस्क्रीनवर. की-टूमध्ये फक्त कामाची मेल आणि रिपोर्ट. एकच फोन बाळगणार असाल तर की-टू घेऊ नका, कितीही चांगल्या अवस्थेत मिळाला तरी.

नव्यात बटणं हवी असतील तर पर्याय बोटांवर मोजण्याइतके. युनिहर्ट्झची टायटन मालिका २०१९ पासून चालू आहे. त्यातला २०२५ चा टायटन टू पासपोर्टच्या वळणाचा आहे, साडेचार इंची चौकोनी पडदा, ५जी, ५०५० एमएएचची बॅटरी. सध्याचं अँड्रॉइड आणि बटणं एकत्र हवी असतील तर मी पहिल्यांदा हाच बघेन. पण चौकोनी पडद्याचा विचार करून ठेवा. मेल, तक्ते, पीडीएफ यांच्यासाठी तो उत्तम, उभ्या व्हिडिओंना दोन्ही बाजूंनी काळ्या पट्ट्या, आणि उंच पडद्यांसाठी बनवलेल्या काही अ‍ॅपमधलं तळाचं बटण दिसायला सरकवत बसावं लागतं. जाडजूड आहे, खिशात जाणवतो.

दुसरा मार्ग क्लिक्सचं कव्हर, २०२४ मध्ये आधी आयफोनसाठी आलं. फोन त्यात बसवायचा, खाली बटणं येतात, पडद्यावरचा कीबोर्ड नाहीसा होतो आणि काच पूर्ण मोकळी मिळते. नको तेव्हा काढून ठेवता येतं हा जॉब्सच्या आक्षेपाला मिळालेला खरा जबाब. मात्र आधीच उंच असलेला फोन आणखी उंच होतो आणि सगळं वजन अंगठ्यांच्या वर राहतं, त्यामुळे उभ्याने, एका हातात टूलबॉक्स घेऊन काम करणाऱ्यांसाठी ते नाही. टेबलाशी बसून लिहिणाऱ्याला चालेल. एका हाताने लिहायचं झालं तर मुळात कुठलीच बटणं सोयीची नाहीत, तिथे काचेवर एका अंगठ्याने स्वाइप करण्याला तोड नाही.

वापरलेला बटणांचा फोन घेत असाल, तर कॅमेरा आणि बॅटरी बघण्याच्या आधी नोट्स उघडा. प्रत्येक अक्षर कडेला दाबून बघा, मधोमध नाही. झिजलेलं बटण मध्यभागी नीट चालतं आणि कोपऱ्यावर दगा देतं. एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटत असेल तर फोन परत द्या, घासूनपुसून ते सुधारत नाही. ए, ई आणि स्पेस आधी, कारण मार त्यांनीच जास्त खाल्लेला असतो. मग ऑल्ट धरून आकडे. शेवटी अंधारात नेऊन बटणांखालचा उजेड बघा, एखाद्या कोपऱ्यात तो नसेल तर फोन कधीतरी उघडून जोडलेला आहे असं धरून चाला.